कोर्लई किल्ल्यावरील पडक्या चर्चच्या वेदीविषयी माहिती हवी आहे

नमस्कार. रायगड जिल्ह्यात, रेवदंड्याच्या खाडीच्या मुखाशी असलेल्या कोर्लईच्या डोंगरावर जो किल्ला आहे, त्याच्या आतील छप्पर नसलेल्या लहान चर्चवर मी शाळकरी मुलांसाठी एक माहितीपत्रक तयार करीत आहे. किल्ला १५९४ मध्ये निजामशाहीकडून पोर्तुगिजांकडे आणि १७४० मध्ये मराठ्यांकडे गेला, इतका राजकीय इतिहास सहज मिळतो. तोफा आणि तटबंदीवर तर सगळेच लिहितात. मात्र चर्चच्या आतील कलाकामाबद्दल कोणी फारसे बोलत नाही, आणि माझे काम तिथेच अडले आहे.

१८८३ चे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटिअर वाचले आणि भिंतींची छायाचित्रेही घेतली, पण वेदीचा प्रश्न सुटला नाही. गोव्यातील जुन्या चर्चमध्ये वेदीमागे कोरीव लाकडी, सोन्याचा मुलामा दिलेली मखरे दिसतात. इथेही तसे लाकूडकाम असून ते नष्ट झाले असावे, की डोंगरावरील शिबंदीच्या छोट्या चर्चमध्ये चुन्याच्या गिलाव्यातील साध्या नक्षीवरच भागवले जात असे?

मला पोर्तुगीज येत नाही, त्यामुळे मराठी वा इंग्रजी साधन असल्यास उत्तम. गिलावा खरवडणे किंवा नमुना घेणे अर्थातच शक्य नाही.

पणजीच्या पुराभिलेखागारात चौल परिसरातील चर्चच्या सामानाच्या याद्या कोणी पाहिल्या आहेत का, आणि १७४० नंतर येथील मूर्ती कोर्लई गावातील चर्चमध्ये हलवल्याची लेखी नोंद कोठे मिळू शकेल?