परदेशी फ्रोझन बीफ स्वस्त मिळतंय, घ्यावं का?

प्रश्न:
बाजारात परदेशातून आलेलं फ्रोझन बीफ ताज्या मांसापेक्षा बरंच स्वस्त आहे. घरात खाणारी तोंडं जास्त, त्यामुळे मोह होतो. पण आई म्हातारी आहे, तिच्या पोटाची काळजी वाटते. हातात घेतलेल्या पाकिटातलं मांस जांभळट होतं आणि तळाशी लालसर बर्फाचा थर होता. दुकानदार म्हणतो, काही होत नाही.

उत्तर १:
मी बरीच वर्षं शीतगृहात काम केलंय. जांभळट रंगाला घाबरू नका. व्हॅक्यूम पॅकमध्ये हवा नसते म्हणून मांस तसं दिसतं. वितळल्यावर पाकीट फोडून थोडा वेळ ठेवलं की लाली येते. उघडल्या उघडल्या येणारा आंबूस वासही जातो. गेला नाही, किंवा मांस बुळबुळीत लागलं, तर टाकून द्या.

मला खटकतो तो बर्फ. तळाशी लाल पाणी साचून गोठलंय, म्हणजे बहुतेक वेळा माल वाटेत वितळला आणि पुन्हा गोठवला गेला. जहाजात उणे १८ अंश नीट सांभाळतात. घोळ होतो तो शेवटच्या टप्प्यात, खोकी टेम्पोतून उतरवून तशीच उन्हात राहतात तेव्हा. ते पाकीट मी घेतलं नसतं. सुटे, कडक तुकडे आणि कोरडं पाकीट बघून घ्या.

उत्तर २:
स्वस्त म्हणजे वाईटच असं नाही हो. या भावात बहुधा मान-खांद्याचं, नाहीतर वयस्क गाईंचं मांस येतं. चिवट असतं, पण मंद आचेवर दोन-तीन तास ठेवलं की छान मऊ पडतं. चरबी पिवळसर असली तर बहुधा जनावर गवतावर वाढलेलं असतं, तो दोष नाही. लेबल मात्र वाचाच: मूळ देश, पॅकिंगची तारीख आणि मिठाचं पाणी टोचलंय का. टोचलं असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. आणि भारतातून निर्यात झालेला माल असेल तर तो म्हशीचा, गाईचा नव्हे.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. खिमा तर आणखी स्वस्त आहे, तो चालेल?

उत्तर १:
आईंसाठी तयार खिमा नको. अख्ख्या तुकड्यावर जंतू बहुतेक वरच्या बाजूला असतात, खिम्यात ते आतपर्यंत मिसळतात. म्हणून तो मध्यभागी ७१ अंशांपर्यंत शिजावा लागतो. नुसता रंग बदलला म्हणजे शिजला असं नाही. तुकडाच घ्या, रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात खोलगट भांड्यात वितळू द्या आणि खिमा घरीच करा. ओट्यावर वितळवत ठेवू नका.