स्लो कुकरमध्ये टर्कीचं ब्रेस्ट: चोथा होऊ नये म्हणून काय करू?

नेरूळची_आजी:
मुलगा न्यू जर्सीला असतो. नाताळच्या सुट्टीत सगळे येतायत आणि नऊ वर्षांच्या नातीने फोनवर सांगितलंय, "आजी, या वेळी टर्की तू करायची." आजवर कोंबडी, मटण, सुरमई सगळं केलं, टर्कीला कधी हात लावला नाही. पण पोरीने तोंड उघडून काही मागितलंय, ते नीटच व्हायला हवं.

वाशीहून हाडासकट दोन किलोचं ब्रेस्ट आणून फ्रीजरमध्ये ठेवलंय. मुलाने तिकडून आणलेला मोठा स्लो कुकर (विजेवर तासन्‌तास हळूहळू शिजवणारं भांडं) माळ्यावर आहे, अजून वापरलेला नाही. सरावाला शेजारणीच्या छोट्या कुकरमध्ये चिकन ब्रेस्ट लावलं, 'लो'वर, म्हणजे मंद आचेवर, आठ तास. पार चोथा झाला. सुरी लावली की दोरे सुटत होते आणि रस सगळा तळाशी. पाणी कमी पडलं का? शिवाय आमच्याकडे दुपारी कधीकधी लाइट जाते, तेव्हा काय करायचं?

घोडबंदर_वायरमन:
काकू, आधी माळ्यावरचा कुकर उलटा करून खालची पट्टी वाचा. १२० व्होल्ट लिहिलं असेल तर थेट आपल्या २३० च्या प्लगला लावू नका. व्होल्टेज दुप्पट झालं की उष्णता जवळपास चौपट होते, कॉइल जळते. व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. कुकर २५० वॉटचा असेल तर ट्रान्सफॉर्मर ५०० वॉटचा घ्या, तासन्‌तास चालवायचाय.

चरईची_मावशी:
काकू, पाण्याचा दोष नाही, वेळेचा आहे. तंगडीत चरबी आणि चिवट पडदे असतात, ते हळूहळू विरघळतात म्हणून ती तासन्‌तास शिजली तरी रसाळ राहते. ब्रेस्टमध्ये ते जवळजवळ नसतंच. आमच्याकडे नाताळला मांस मोठ्या प्रमाणावर शिजतं, त्यात हेच शिकले.

फ्रीजरमधून काढून थेट कुकरमध्ये अजिबात टाकू नका. कुकर सावकाश तापतो, गोठलेलं मांस फार वेळ कोमट राहतं आणि जंतू वाढतात. आदल्या दिवशी खोलगट ताटलीत, फ्रीजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा. दोन किलोला साधारण २४ तास लागतात. बर्फ सुटल्यावर मीठ, मिरी, ठेचलेला लसूण आणि लोणी कातडीखाली बोटांनी सरकवा. तळाशी कांद्याच्या जाड चकत्या, वर ब्रेस्ट. पाणी अर्धी वाटी पुरे, त्याचं स्वतःचं भरपूर सुटतं.

'लो'वर चार तासांनी मांसाचा थर्मामीटर घाला, सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता. ७४ अंश दिसले की लगेच बाहेर. त्याआधी झाकण उघडू नका, प्रत्येक वेळी वाफ जाते आणि वीस-तीस मिनिटं वाढतात. कातडी मऊच राहील. नातीला कुरकुरीत हवी असेल तर ओव्हनच्या ग्रिलखाली पाच-सात मिनिटं.

सीवूड्सचा_बापू:
लाइट गेली तर थांबून बघत बसू नका, लगेच पातेल्यात काढून गॅसवर शिजवा. घरी कोणी नसताना गेली आणि किती वेळ गेली ते कळत नसेल तर सरळ टाकून द्या, लहान मूल खाणार आहे.

नेरूळची_आजी:
आज केली. पट्टीवर खरंच १२० होतं! मुलाने ट्रान्सफॉर्मर आणून दिला, वायरमनदादा, तुमचे उपकार. सगळं मावशींनी सांगितलं तसंच केलं, फक्त मिठाबरोबर थोडी हळद चोळली. चार तासांनी ६६ अंश, चार तास पन्नास मिनिटांनी ७४. फॉइलखाली पंधरा मिनिटं ठेवून कापली, सुरीबरोबर रस ताटात आला, दोरे एकही नाहीत. तळाच्या रसात लोण्यावर भाजलेला मैदा घालून ग्रेव्ही केली. नातीने दोन काप नुसते खाल्ले, तिसरा वरण-भाताबरोबर. हाडं ठेवलीयत, आता प्रेशर कुकरला लावते सूपसाठी. मावशी, तीन शिट्ट्या पुरतील ना?