आप्पांसाठी सीडी प्लेअर घ्यायचाय, २५ हजारांत काय बघू?

तापीकाठची, जळगाव

नमस्कार. मी जळगावला पिंप्राळ्यात राहते. विचारतेय वडिलांसाठी. आप्पा ७८ वर्षांचे आहेत. आयुष्यभर शाळेत शिकवलं आणि पगारातून जे उरायचं त्यातून सीडी घेतल्या. परवा मोजल्या, १४० भरल्या. निम्म्याहून जास्त शास्त्रीय, बाकी अभंग आणि नाट्यगीतं.

रेडिओ, कॅसेट, सीडी सगळं एकत्र असलेली आमची म्युझिक सिस्टीम गेल्या उन्हाळ्यात बिघडली. आधी सीडीवरची शेवटची दोन-तीन गाणी अडकायची. मग मधलीही अडकायला लागली. आता नुसतं ‘नो डिस्क’ दाखवते. दुकानात नेली तर म्हणाले, लेन्स गेली, भंगारात द्या. मी आप्पांना मोबाइलवर गाणी लावून दिली. पण ख्याल रंगात आला की मध्येच जाहिरात वाजते, आणि आप्पा उठून गॅलरीत जाऊन बसतात. ते बघवत नाही.

भावाने पुण्याहून वेगळा अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर आणून दिलेत. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे तांबडी-पांढरी सॉकेट आहेत. खोली दहा बाय बाराची. आता नुसता प्लेअर हवाय. बजेट २५ हजार, फार तर थोडं वर. नवा सीडी प्लेअर घेऊ, की साध्या डीव्हीडी प्लेअरवर भागेल? डॅक म्हणून एक वेगळा डबा लावतात म्हणे, तो लागतो का? रिमोटची बटणं मोठी आणि गाण्याचा नंबर लांबून दिसेल असं काही असेल तर फार बरं.

आणखी एक. या १४० मध्ये तीन सीडी घरच्या आहेत. २००३ च्या श्रावणात, पारोळा तालुक्यातल्या आमच्या गावी, कानबाई (आमच्या खान्देशातली देवी) बसवली त्या रात्री आजीने गाणी म्हटली होती. आप्पांनी ती टेपवर घेतली आणि नंतर एका स्टुडिओतून सीडीवर उतरवून आणली. मूळ कॅसेट आता नाही, आजीही नाही. नवा प्लेअर या तीन सीडी वाचेल ना?

धुळेकर

ताई, मी धुयाना. माझ्याकडे सहा वर्षांपासून डीव्हीडी प्लेअरच आहे. मागच्या कोअ‍ॅक्सियल सॉकेटमधून (तिथून आवाज आकड्यांच्या रूपातच बाहेर येतो) छोट्या डॅकला वायर आणि डॅकमधून अ‍ॅम्प्लिफायरला. सगळं मिळून सात हजारांच्या आत झालं. आवाज स्वच्छ येतो, मला तक्रार नाही. फक्त घेताना खोक्यावर सीडी-आर (म्हणजे तुमच्या त्या तीनसारखी, रायटरवर लिहिलेली सीडी) वाचतो असं लिहिलेलं बघा आणि मागे कोअ‍ॅक्सियल किंवा ऑप्टिकल आउट आहे का ते दुकानातच पालथं करून बघा. काहींना फक्त एचडीएमआय असतं, ते तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडता येणार नाही.

पन आजीना आवाज पहिले कॉम्प्युटरमा उतारी ल्या, मंग बाकीनं.

नाना, भुसावळ

ताई, भुसावळला ३१ वर्षं रेडिओ, टीव्ही आणि डेक दुरुस्तीचं दुकान चालवलं. आता मुलगा मोबाइलचं काम बघतो, माझ्याकडे ओळखीची माणसं जुने सेट घेऊन येतात. मी आतून उघडून जे पाहिलंय ते सांगतो.

धुळेकर भाऊंचं शेवटचं वाक्य सगळ्यात आधी. त्या तीन सीडी आजपासून कुठल्याही प्लेअरमध्ये घालू नका. कंपनीच्या सीडीत खड्डे प्लॅस्टिकमध्येच दाबून काढलेले असतात, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा. सीडी-आर वेगळी. तिच्यात रंगाचा थर असतो आणि लेसरने त्यावर खुणा उमटवलेल्या असतात. हा रंग उजेडाने आणि उष्णतेने मरत जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, लोखंडी कपाट आतूनसुद्धा तापतं. २००३ ची सीडी-आर अजून वाचली जात असेल तर ते नशीब समजा आणि उशीर करू नका.

काय करायचं ते सांगतो. यूएसबीला लागणारा डीव्हीडी रायटर घ्या किंवा मागून आणा. कॉम्प्युटरवर ‘एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी’ हा प्रोग्रॅम टाका, फुकट आहे. त्याला सिक्युअर मोडमध्ये चालवलं की अडलेली जागा तो पुन्हा पुन्हा वाचून बघतो. वेग कमी ठेवा. एका ड्राइव्हने हात टेकले तर दुसऱ्यात घाला, तिसऱ्यात घाला. एका ड्राइव्हला जी चकती दिसत नाही ती दुसऱ्याने सुरळीत वाचलेली मी कितीदा पाहिलीय. फाइल फ्लॅकमध्ये ठेवा, एमपी३ करू नका, फ्लॅकमध्ये आवाजाचं काही कापलं जात नाही. दोन प्रती करा. एक घरी, एक भावाकडे पुण्याला. सीडीवर कागदी लेबल चिकटवलेलं असेल तर ते ओढू नका, खालचा थर सोबत निघून येतो. पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. मधून कडेकडे गेलेला ओरखडा प्लेअर भरून काढतो, त्यासाठी सीडीवर जादा माहिती पेरलेली असते आणि साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतची तूट त्यातून पूर्ण भरते. ओरखडा ट्रॅकच्या दिशेनेच, म्हणजे गोल गेला तर ती सोय अपुरी पडते. आणि लोक चमकती बाजू जपतात, पण खरी नाजूक बाजू लेबलची. मुलामा तिथे लाखेच्या पातळ थराखाली लगेच असतो.

आता तुमची जुनी सिस्टीम. ‘लेन्स गेली’ हे वाक्य मी हजारदा ऐकलंय, आणि मला त्याचा त्रास होतो, कारण उघडून न बघता बोललं जातं. तुम्ही सांगितलेली खूण नीट वाचा: आधी शेवटची गाणी अडकली. सीडी आतून बाहेर वाचली जाते. आतल्या कडेला ती मिनिटाला साधारण ५०० फेरे घेते आणि बाहेर जाता जाता २०० वर येते. शेवटची गाणी म्हणजे बाहेरची कड. तिथपर्यंत पिकअपला, म्हणजे लेसर आणि लेन्स बसवलेल्या भागाला, रुळावरून सरकत जावं लागतं. त्या रुळावरचं ग्रीस आपल्या धुळीत आणि उन्हात वाळून मेणासारखं होतं, पिकअप अडखळतो, गाणं अडकतं. त्यात सीडी जराशी वाकलेली असेल तर तीही कडेलाच जास्त हेलकावते. लेसर खरोखर म्हातारा झाला तर सहसा उलट दिसतं, सीडीच्या सुरुवातीला असलेली गाण्यांची यादी वाचतानाच सेट दम टाकतो. तुमच्या सेटचं आधी ग्रीस गेलं, मग लेन्सवर धूळ बसत गेली, असा माझा अंदाज. जुनं ग्रीस पुसून नवं लावायचं, लेन्स आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या इअरबडने हलक्या हाताने पुसायची. दाबायची नाही, ती बारीक तारांवर तरंगत असते. इतकं करूनही नाही चालला तर पिकअप बदलायचा. केएसएस-२१३ सारखे पिकअप असंख्य सेटमध्ये बसवलेले होते आणि आजही मिळतात. पिकअपवरचा छोटा प्रीसेट (करंट कमी-जास्त करायचा स्क्रू) पिळून लेसरचा करंट वाढवून देणारे कारागीर असतात, त्यांना मात्र सेट देऊ नका. चार महिने वाजतो आणि मग कायमचा जातो.

सिस्टीम भंगारात देऊ नका एवढंच म्हणणं. पण आप्पांसाठी वेगळा प्लेअर घ्यायलाही माझा विरोध नाही. तुमच्या बजेटच्या आसपास यामाहाचा सीडी-एस३०३ बघा. थोडं वर गेलं तरी चालेल, भाव दोन-तीन ठिकाणी विचारा. मी तो का सांगतोय तर पुढे यूएसबी आहे आणि पेनड्राइव्हवरची फ्लॅक फाइल तो थेट वाजवतो. म्हणजे आजीची गाणी पेनड्राइव्हवर टाकून त्याच रिमोटने, त्याच स्पीकरवर लागतील, आणि मूळ सीडी अंधारात कपड्यात गुंडाळून ठेवता येतील. एका सीडीची फ्लॅक साधारण ३००-४०० एमबी होते. उद्या सगळ्या १४० उतरवल्या तरी ६४ जीबीच्या पेनड्राइव्हमध्ये मावतील. डेनॉनचा डीसीडी-६००एनई चांगला आहे पण त्याला यूएसबी नाही. मॅरँट्झचा सीडी६००७ वरचा वर्ग आहे, यूएसबी आणि हेडफोन दोन्ही आहेत, पण तुमच्या खिशाबाहेर जाईल. केंब्रिजचा सीएक्ससी कुणी सांगेल. तो नुसता ट्रान्सपोर्ट आहे, म्हणजे फक्त सीडी वाचून आकडे पुढे पाठवतो, डॅक वेगळा घ्यावाच लागतो, तुमच्या कामाचा नाही.

डॅकचं विचारलंत. डॅक म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारा भाग, नुसते ट्रान्सपोर्ट सोडले तर सीडी प्लेअरमध्ये तो आतच असतो, वेगळा लागत नाही. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, म्हणजे हलक्यात हलक्या आणि मोठ्यात मोठ्या आवाजात ९६ डेसिबलच्या आसपास अंतर. आपल्या घरात एप्रिलपासून कूलर घरघरत असतो. त्या खोलीत दोन बऱ्या डॅकमधला फरक कळत नाही, स्पीकर कुठे ठेवलाय याचा फरक लगेच कळतो. कोपऱ्यात खुपसले असतील तर भिंतीपासून हातभर पुढे ओढा आणि आप्पांच्या कानाच्या उंचीला आणा. त्याला पैसे लागत नाहीत.

जुना सेट घ्यायचा विचार आला तर स्वतःच्या सीडी घेऊन जा. ७० मिनिटांच्या वरची एक घ्या आणि थेट शेवटचं गाणं लावा. दहा-पंधरा वेळा ट्रे उघडा-मिटा, बेल्ट सैल असेल तर ट्रे थबकतो. आणि मागची पट्टी वाचा. जपानमधून आलेले सेट १०० व्होल्टचे असतात, आपल्या २३० वर लावले की ट्रान्सफॉर्मर जळतो. चांगले सेट असे मेलेले माझ्या टेबलावर आलेत, वाईट वाटतं. नवा घेतला तरी लाइट गेली की बटण बंद करत जा, येताना येणारा झटका वाईट.

अमळनेरच्या वहिनी

नानांनी सगळं सांगितलं, मी फक्त डीव्हीडी प्लेअरबद्दल बोलते, कारण मी तो चार वर्षं वापरून सोडला. मैफिलीच्या सीडीवर विलंबित संपून द्रुत सुरू होताना ट्रॅकचा नंबर बदलतो, गाणं मात्र थांबलेलं नसतं. तबला चालूच असतो. माझा डीव्हीडी प्लेअर त्या जागी क्षणभर गप्प व्हायचा. समेवर येता येता आवाज तुटायचा, आणि अख्ख्या तासाची बैठक मोडल्यासारखी व्हायची. सगळेच असं करत नसतील, धुळेकर भाऊंचा करत नसेलही. पण आप्पांच्या निम्म्याहून जास्त सीडी शास्त्रीय आहेत, तेव्हा घेण्याआधी दुकानात मैफिलीची सीडी लावून हीच जागा ऐका.

दुसरं, डीव्हीडी प्लेअरच्या पुढच्या पट्टीवर बहुतेक वेळा नंबर नीट दिसत नाही, टीव्ही लावावा लागतो. ७८ वर्षांच्या माणसाला एक राग ऐकायला दोन रिमोट का द्यायचे?

तापीकाठची, जळगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे काही लिहिलं नाही कारण एकेक करत होते.

आधी सीडी उतरवल्या. मैत्रिणीचा रायटर आणला. पहिल्या दोन सीडी पूर्ण आल्या, एकही जागा अडली नाही. मी हेडफोन लावून ऐकत होते. आजीचा आवाज सुरू व्हायच्या आधी मागे कुणीतरी कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांच्या कणकेचं विचारतंय, आणि आजी म्हणते, ‘थांब माय, आधी गानं व्हऊ दे.’ हे आम्हाला कुणालाच आठवत नव्हतं. आप्पांना ऐकवलं. त्यांनी तेवढंच वाक्य चार वेळा लावायला सांगितलं. विचारणारी त्यांची थोरली बहीण होती, म्हणाले.

प्लेअर यामाहाचाच घेतला. बजेटच्या वर गेला, फरक भावाने दिला. वहिनी, मैफिलीची सीडी घेऊन गेले होते, द्रुतची जागा अजिबात तुटली नाही. नंबर पलंगावरून दिसतो. स्पीकर पुढे ओढले आणि लाकडी स्टुलांवर ठेवले, आप्पा म्हणाले तंबोरा आता वेगळा ऐकू येतो. जुनी सिस्टीम माळ्यावर ठेवलीय, टाकलेली नाही.

आता तिसरी सीडी. सात गाणी आली. आठवं, शेवटचं, ते सोमवारी पहाटे कानबाईला निरोप देतानाचं आहे. तिथे दोन्ही ड्राइव्ह अडकतात. कडेला बोटाएवढा भाग फिकट दिसतोय. नाना, तुमच्याकडे जुने रायटर असतील का? रविवारी सीडी घेऊन येऊ?

नाना, भुसावळ

या. माझ्याकडे पाच आहेत, त्यातला एक फार हट्टी आहे, तोच शेवटी लावू. तोवर त्या सीडीला हात लावू नका. सकाळच्या गाडीने या, ऊन चढायच्या आत. डबीत ठेवून, सुती रुमालात गुंडाळून पर्समध्ये आणा. आणि आप्पांना सोबत आणा, गाण्याचे शब्द त्यांना पाठ असतील. मध्ये एखादी जागा तुटलेलीच निघाली तर तिथे काय होतं ते त्यांच्याकडून लिहून घेऊ.