नाच शिकायला सांगाडा कशाला?

सुरसागरकाठी: बडोद्यात नऊ वर्षं भरतनाट्यम केलं, आता कंटेम्पररी शिकतेय. नव्या ताईंनी पहिले तीन आठवडे एक पाऊलही शिकवलं नाही. वर्गात प्लास्टिकचा सांगाडा, आणि आम्ही आपापला खुबा चाचपत बसलेल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, "फी नाचाची भरलीस की मेडिकलची?"

मला मात्र वाटतं, हे फार आधी कळायला हवं होतं. अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वळवून घेतलेल्या अर्ध्या बैठकीत, "अजून उघड" ऐकलं की मी पावलं फाकवायचे. खुबा तेवढा वळतच नव्हता. गुडघा वाकलेला असला की त्याखालचं हाड थोडं फिरू शकतं, म्हणून लबाडी खपून जाते. उठून सरळ होताना तो सांधा घट्ट बसतो, पावलं तर लादीला चिकटलेली. मग सगळा पीळ गुडघ्यात. दोन वर्षं क्रेप बँडेज बांधून नाचले. आता खुब्यातून वळेल तेवढंच उघडते. बैठक कमी भरदार दिसते, पण गुडघा पावलाच्या रेषेत येतो. तुम्हाला काय वाटतं?

दांडियाबाजारी: नाही पटत. १८८० मध्ये सयाजीरावांचं लग्न तंजावरच्या राजकन्येशी झालं आणि तंजावरच्या नर्तकी बडोद्यात आल्या. त्यांच्यापुढे कुणी सांगाडा टांगला होता? गुरूची नजर पुरे. घास कुठल्या स्नायूनं गिळतो याचा विचार करत जेवून बघा, ठसका लागेल.

सुरसागरकाठी: काका, त्यांचे गुडघे दुखायचे का, हे कुणी विचारलं तरी होतं का?

दांडियाबाजारी: हा काय मुद्दा झाला! तुमचे कंटेम्पररीवाले वर्षभर लादीवर लोळून श्वास शोधतात आणि स्टेजवर समेला चुकतात. डोळ्यांनी पाहिलंय.

ताथैया: समेचं राहू द्या. अंगाची जाण हे काही विलायती खूळ नाही. चंद्रलेखा भरतनाट्यमच्याच. त्यांनी १९८५ च्या 'अंगिका' या नृत्यरचनेत योग आणि कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला नाचाशेजारी आणून ठेवली. नाट्यशास्त्रात तर नुसत्या डोक्याच्या १३ हालचाली आहेत, शिवाय १०८ करणं, म्हणजे हातपाय मिळून होणाऱ्या नाचाच्या हालचाली.

सुरसागरकाठी: पण त्यात अंग कसं दिसावं ते आहे. आत कुठलं हाड कशावर टेकतं, हा माझा प्रश्न.

पट्टीवाला_फिजिओ: नवरात्रीनंतर आमच्याकडे केवढी रांग लागते ते बडोदेकरांना सांगायला नको. काका, नजरेला हाड दिसत नाही. खुब्याची उखळी किती खोल, मांडीच्या हाडाची मान किती पिळलेली, हे प्रत्येकीचं वेगळं. सरावानं स्नायू बदलतील, मोठेपणी तो पीळ बदलत नाही. एकीला सहज जमतं तेच दुसरीकडून रेटून घेतलं की ती माझ्याकडे येते.

ताई, तुम्हालाही एक सांगतो. नावं पाठ करणं वेगळं, अंग जाणवणं वेगळं. मेडिकलच्या पोरांना २०६ हाडं तोंडपाठ, त्यांचा गरबा बघवत नाही. (माझाही.) सांगाडा दाखवावा, पण लगेच उठवून नाचवावं. नाहीतर ते ज्ञान वहीतच राहतं.

दांडियाबाजारी: खुब्याचं मान्य. तीन आठवडे मान्य नाहीत. तेवढ्यात पोरींचा तट्टडवू, म्हणजे पाय आपटण्याचा पहिला धडा, तिन्ही काळांत (लयींत) बसतो.

सुरसागरकाठी: बसतो की. माझाही बसला होता, पावलं फाकवून.