उत्तर: स्पायडरसाठी हलका ट्रेलर
कॅन-ॲम स्पायडर आरटी, म्हणजे पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली मोटरसायकल, कारमागे ट्रेलरवर न्यायला ४ फूट रुंद ट्रेलर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही चालणार. गाडीच पाच फुटांहून रुंद आहे. ट्रेलरच्या दोन मडगार्डांच्या मधली जागा टेप लावून मोजा, जाहिरातीतल्या एकूण रुंदीवर जाऊ नका. ॲल्युमिनियमचा हलका पडतो, पण खिशाला जड. गाडी साडेचारशे किलोंच्या पुढची. त्यात ट्रेलरचं वजन मिळवून मगच कारची ओढायची क्षमता बघा.

माझी खरी फजिती गाडी ट्रेलरवर चढवताना रॅम्पवर झाली, गाडीचं पोट घासलं! रॅम्प लांबच घ्या, आणि मागच्या चाकासाठी रॅम्पची मधली तिसरी पट्टीही. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा १० ते १५ टक्के भार कारच्या हुकवर यावा, नाहीतर इंटरस्टेटवर (अमेरिकेतल्या महामार्गावर) ट्रेलर मागे झुलायला लागतो. गाडी बांधायचे पट्टे चाकांवरून आवळा, हँडलला नको.