सूचना मागवायच्या तर फलाटावर मागवा

एकांनी म्हटलंय की आपल्या गावच्या नव्या बसस्थानकाचा आराखडा नगरपालिकेत लावलाय, लोकांनी पंधरा दिवसांत लेखी सूचना द्याव्यात. हेतू चांगलाच आहे. पण आपल्या स्थानकावर रोज उभं राहणारं माणूस नगरपालिकेत जातं का? सकाळच्या गाडीने कॉलेजला येणाऱ्या मुली, दवाखान्याला आलेली म्हातारी माणसं, दिवाळीच्या आसपास बोचकी घेऊन ऊसतोडीला निघणारी बिऱ्हाडं, यांना फलाटावरच गाठून विचारायला हवं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून बायकांची गर्दी किती वाढली, हे आपण डोळ्यांनी पाहतोय. स्वच्छतागृहं मात्र तेवढीच, तीही पार मागच्या कोपऱ्यात, अंधारात. माझी आई लातूरला निघायची असली की सकाळपासून पाणीच पीत नाही. मे महिन्यात, आपल्याकडच्या उन्हात! माझ्या मते आराखड्यात पहिली रेघ इथून ओढावी: उजेडातलं, पाणी असलेलं, रोज धुतलं जाणारं स्वच्छतागृह. दर्शनी काचा आणि वरचे गाळे नंतर बघू.

आणि ते कडुनिंब तोडू नका. पत्र्याच्या शेडखाली दुपारी बसवत नाही, सगळे त्या झाडांखालीच थांबतात.

पुढच्या रविवारी बाजाराच्या दिवशी मी वही घेऊन चौकशी खिडकीजवळ बसणार आहे. बायकांशी बोलायला कुणी ताई सोबत आल्या तर फार बरं होईल.