अनुभव धागा: पल्याड पोचवणारे, पाण्यावरून आणि हवेतून

पावसाळा सरला की निम्मं पुणे कोकणात उतरतं आणि कुठल्या ना कुठल्या खाडीवर गाडीसकट फेरीबोटीत चढतं. इकडे लोहगावला एखादं विमान एकही प्रवासी न घेता, नुसतं दुसऱ्या ठिकाणी पोचवायला उडतं, त्यालाही 'फेरी'च म्हणतात. दोन्हींचे अनुभव येऊ द्या. खडकवासल्याचं बोटिंग मात्र नको. निघालो तिथेच परत आलो, ते इथे धरायचं नाही.

कोथरूडहून
दापोलीहून गुहागरला जाताना दाभोळ–धोपावे. रस्त्याने गेलं तर वाशिष्ठीला चिपळूणपर्यंत वळसा. खलाशाने आमची गाडी उलटी चढवायला लावली. उतारावरचं काँक्रीट शेवाळाने बुळबुळीत, आरशात नुसतं पाणी, आणि हा समोर उभा राहून दोन बोटं हलवतोय, "येऊ द्या, येऊ द्या!" सासरे आधीच उतरलेले. "तू चालव, मी बघतो." कठडा वीतभर राहिला तेव्हा त्याने हात आडवा केला.

वारज्याहून, मूळ सांगलीकडचे
कृष्णेला पाणी आलं की आमच्याकडे गुऱ्हाळातली काहील, म्हणजे गुळाची भली मोठी कढई, नदीत पडायची. बायका-पोरं मधोमध उकिडवी बसायची, पोहणारे गडी काठ धरून ढकलायचे. हलायचं नाही, एवढाच नियम. आजीच्या वेळी नावाड्याला पैसे नसत, सुगीत धान्य घालत.

विमाननगरहून, निवृत्त इंजिनीअर
मी विमान कंपनीत होतो. मोठ्या तपासणीसाठी विमान दुसऱ्या शहरातल्या हँगरला न्यायचं असलं की आम्ही दोघं-तिघं सोबत जायचो. बोट माणसं-गाड्या नेते. इथे विमान हाच माल. जेवण चढवलेलं नसतं, म्हणून डबा घरचा. रिकामं विमान धावपट्टी सोडताना असं उसळतं की पाठ खुर्चीला चिकटते.

बिघाड असलेलं विमान न्यायचं तर खास परवानगी लागते आणि आवश्यक कर्मचाऱ्यांखेरीज कोणी चढत नाही. एकदा एका विमानाची चाकं आत जाईनात. जिथे अडकलं तिथे दुरुस्तीची सोय नव्हती. मग चाकं खालीच ठेवून, त्यांना पिना लावून पायलटांनी ते नेलं. चाकं बाहेर राहिली की हवेचा अडथळा वाढतो. वेग कमी, उंची कमी, इंधन मात्र भरमसाट. म्हणून एरवी सहज गाठता येणारं ठिकाणसुद्धा आवाक्यात आहे का, हे नव्याने मांडावं लागतं. आम्ही खालून बघत होतो. विमान पार लांब गेलं तरी चाकं लोंबतच होती. सवयीने डोळ्यांना ते बघवत नाही.

लोहगावहून
२०२० च्या जुलैत पहिली पाच राफेल फ्रान्सहून अंबाल्याला आली, तीही फेरीच की. वाटेत हवेतच इंधन भरलं आणि अमिरातीतल्या अल धाफ्रा हवाई तळावर मुक्काम केला. आमच्या गच्चीवरून दिसतात ती सुखोई, पण त्या दिवशी सगळी सोसायटी टीव्हीसमोर!

धायरीहून, शिक्षिका
धरणापलीकडच्या गावात माझी शाळा होती, जाणं-येणं लाँचने. पावसाळ्यात पाणी गावाजवळ यायचं, चढण थोडी. उन्हाळा लागला की पाणी मागे सरायचं आणि उतरल्यावर आधी गाळ, मग भेगाळलेली जमीन, मग गाव. लाँच बंद पडली की चार-चार दिवस कुणी फिरकत नसे. तक्रार अर्ज मुलांच्या शुद्धलेखनापेक्षा जास्त लिहिले असतील.

इंदापूरहून, सध्या हडपसर
उजनीवर आमच्याकडे मोटरसायकलीही होडीत चढतात, करमाळ्याचा फेरा वाचतो म्हणून. मे २०२४ मध्ये कुगाव–कळाशी बोट वादळात उलटली, सहा जण गेले. तेव्हापासून मी जॅकेट घरून नेतो. लोक हसतात, हसू देत.

कोथरूडहून पुन्हा
इंजिनीअरकाका, रिकामं विमान जातंच आहे तर स्वस्तात तिकीट मिळेल का?

विमाननगर
नाही. आणि चाकं लोंबणाऱ्यात तर फुकट दिलं तरी बसू नका.